विद्यापीठातलं अंतर्गत लेखापरीक्षण : फक्त पैशांचा हिशेब जुळला म्हणजे झालं का?



'ऑडिट' हा शब्द कानावर पडला की शाळा-कॉलेजात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. कपाटं उघडतात, पावत्या शोधल्या जातात, राहिलेल्या सह्या होतात, डेड स्टॉक रजिस्टरवरची धूळ झटकली जाते. ऑडिटर येतात, चहा घेतात, दोन-चार आक्षेप लिहितात आणि जातात. मग पुढच्या वर्षापर्यंत सगळं शांत. त्यामुळे ऑडिट ही हेडक्लार्क आणि अकाउंटंटची डोकेदुखी, आपल्या मुलांच्या शिक्षणाशी त्याचा काय संबंध, असं आपल्याला वाटतं.

माझं म्हणणं असं की फार जवळचा संबंध आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पालकांना तर हे लवकर पटावं, कारण २०१७ सालचा निकालांचा गोंधळ आपल्या घराघरात पोहोचला होता.

आधी व्याख्या समजून घेऊ

विद्यापीठाचं ऑडिट एकाच प्रकारचं नसतं. एक असतं बाहेरचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाचे वार्षिक हिशेब चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घ्यावे लागतात, आणि ज्या फर्मचे विद्यापीठाच्या कारभारात हितसंबंध आहेत तिला हे काम देता येत नाही. हा तपासनीस मुख्यतः एकच विचारतो : गेल्या वर्षीचे आकडे खरे आहेत का?

दुसरं असतं अंतर्गत लेखापरीक्षण. ते संस्थेच्या आतून, वर्षभर, थोडं थोडं चालतं. इथला प्रश्न वेगळा असतो : काम करण्याची आपली पद्धत भरवशाची आहे का? आज चूक झाली नसेल, पण उद्या होईल अशी फट कुठे राहिली आहे का? फी वसुली, खरेदी, शिष्यवृत्तीचं वाटप, भांडार हे त्यात येतंच. पण प्रश्नपत्रिका कोणाच्या ताब्यात असतात, उत्तरपत्रिकांची मोजदाद कशी होते, गुण संगणकात कोण भरतं आणि कोण पडताळतं, हेही त्यात यायला हवं. विद्यापीठाचा खरा माल म्हणजे गुणपत्रिका आणि पदवी. पैशाचा हिशेब चोख आणि गुणांचा हिशेब रामभरोसे, असं चालेल का?

२०१७ मध्ये काय झालं?

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असा सात जिल्ह्यांचा पसारा. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे.

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, म्हणजे ऑन-स्क्रीन मार्किंग करायचं, असं विद्यापीठाने ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे वाहून न्यायला नकोत, बेरजेच्या चुका टळतील, पारदर्शकता येईल. पण ती एकाच हंगामात, सगळ्या शाखांना, एकदम लागू झाली. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका आणि ४७७ निकाल. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना लॉगिनच्या अडचणी आल्या, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. काही उत्तरपत्रिका सापडल्या नाहीत, म्हणून सरासरी गुण देण्याची वेळ आली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

कुलगुरू गेले, बातमी संपली. पण ज्या मुलाला पुण्याला किंवा परदेशात पुढचा प्रवेश घ्यायचा होता, ज्या मुलीला नोकरीच्या ठिकाणी गुणपत्रिका दाखवायची होती, त्यांचं हातचं गेलेलं वर्ष कोण परत देणार?

आता विचार करा. त्या वर्षीचा जमाखर्च पैशापैशाने जुळलेला असता, तरी हा गोंधळ टळला असता का? नाही. कारण तो ताळेबंदात दिसणारा गोंधळच नव्हता. तो पद्धतीतला होता. आणि पद्धतीतली फट शोधणं हे तर अंतर्गत लेखापरीक्षकाचं कामच.

असा माणूस परीक्षेआधी काय विचारतो? अगदी साधे प्रश्न. एका लहान शाखेवर आधी चाचणी घेतली का? स्कॅन होणारी प्रत्येक उत्तरपत्रिका मूळ गठ्ठ्याशी कशी जुळवणार? रोज किती तपासून होतील, आणि त्या वेगाने ४५ दिवसांत काम संपतं का? प्रशिक्षण किती प्राध्यापकांना मिळालं? यंत्रणा बंद पडली तर दुसरी सोय काय? हे प्रश्न आपल्यापैकी कोणीही विचारू शकतो. अडचण अशी की ज्याने विचारायचे त्याला तो अधिकार हवा, आणि त्याचं उत्तर लेखी द्यावं लागेल अशी सक्ती हवी.

तपासणाऱ्याने अहवाल कोणाला द्यायचा?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. ज्याचं काम तपासायचं त्याच्याच हाताखाली तपासनीस बसवला, तर तो काय लिहिणार? 'सर्व ठीक'.

आपल्याकडे ही अक्कल नवी नाही. शिवकाळात गडावरचा कारभार एकाच्या हाती सोपवलेला नसे. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि जमाखर्च सबनिसाकडे, फौज सरनोबताकडे, दाणागोटा कारखानिसाकडे. एक फितला तरी गड जात नसे. कल्याणच्या दुर्गाडीवर मुलांची सहल नेताना हे जरूर सांगा, मुलांना चटकन समजतं. याला आजच्या भाषेत अंतर्गत नियंत्रण म्हणतात. आणि अशी नियंत्रणं कागदावरच आहेत की खरंच चालतात, हे पाहणं म्हणजे अंतर्गत लेखापरीक्षण.

कंपनी कायदा, २०१३ ने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमणं बंधनकारक केलं आहे. मग लाखो मुलांचं भवितव्य हाती असलेल्या विद्यापीठात हा माणूस दुबळा का असावा? त्याचा अहवाल परीक्षा विभागाला किंवा लेखा विभागाला नव्हे, थेट व्यवस्थापन परिषदेपुढे गेला पाहिजे. आणि मागच्या आक्षेपांचं काय झालं, हा बैठकीतला पहिला विषय असला पाहिजे.

'आणखी एक फाईल?'

तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. नॅकची फाईल आहे, आयक्यूएसीची आहे, शैक्षणिक ऑडिट आहे, ग्रीन ऑडिट आहे. शिकवायचं कधी?

तक्रार अगदी रास्त आहे. पण यातल्या बऱ्याच फायली 'आम्ही किती चांगले' हे दाखवण्यासाठी तयार होतात. अंतर्गत लेखापरीक्षण 'आम्ही कुठे कमी पडतो' हे आपलं आपल्याला कळावं म्हणून असतं. त्यासाठी शिक्षकांनी नवे तक्ते भरायची गरज नाही. तपासनिसाने स्वतः यावं, दहा-वीस नमुने उचलावेत आणि कागद शेवटपर्यंत कसा जातो ते पाहावं. चांगला तपासनीस उलट विचारेल की हीच माहिती तुमच्याकडून तीन ठिकाणी का मागवली जाते? म्हणजे काम वाढण्याऐवजी कमीच होईल.

दुसरी भीती असते ती 'पोलीसगिरी'ची. ती खरी ठरू नये म्हणून एक पथ्य पाळायला हवं : आक्षेप पद्धतीवर घ्यावा, माणसावर नाही. अफरातफर सापडली तर गोष्ट वेगळी. पण एखाद्या क्लार्कने एकट्याने तीन माणसांचं काम करताना चूक केली, तर दोष त्या क्लार्कचा की रिक्त पदांचा? हेही अहवालात आलं पाहिजे.

आपण काय करू शकतो?

आता हा विषय फक्त मुंबईच्या फोर्ट आणि कलिन्यापुरता राहिलेला नाही. कल्याणचं बिर्ला महाविद्यालय, ठाण्याचं बांदोडकर महाविद्यालय अशी आपल्या जवळची महाविद्यालयं स्वायत्त झाली आहेत. स्वायत्तता म्हणजे अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपली, निकालही आपला. चांगलीच गोष्ट आहे. पण मग तपासणीची जबाबदारीही आपलीच.

म्हणून पालकहो, प्रवेश घेताना कॅन्टीन आणि प्लेसमेंटबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. परीक्षा विभागाची अंतर्गत तपासणी होते का? शेवटची कधी झाली? सापडलेल्या त्रुटींवर काय केलं? प्राध्यापक मित्रांनो, महाविद्यालय विकास समितीत शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणणं त्यांच्या हातात आहे.

शाळेपासून सवय लावली तर अधिक उत्तम. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे त्या समितीचं कामच आहे. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. पण आपण काय करतो? रजिस्टर पुढे आलं की सही करून मोकळे होतो. पुढच्या वेळी सही करण्याआधी दोन पानं उलटून बघा. पोषण आहाराच्या नोंदीतला तांदूळ आणि त्या दिवसाची हजेरी जुळते का, एवढं पाहिलंत तरी ते अंतर्गत लेखापरीक्षणच झालं.

प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. आपण मुलांना रोज सांगतो, "पेपर देण्याआधी एकदा तपासून बघ." तो नियम आपल्या संस्थांनाही लागू करू या. तुमच्या शाळेत, कॉलेजात ही तपासणी कशी होते? नक्की कळवा.