पाण्याची साक्ष गावानेच द्यावी

मार्च महिन्यात पाण्याचे दोन दिवस येतात. 14 मार्चला जगभरातले नदीसाठी झगडणारे लोक आपला कृतिदिन पाळतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात 1997 साली भरलेल्या धरणग्रस्तांच्या मेळाव्यात तो ठरला. 22 मार्चला संयुक्त राष्ट्रांचा जागतिक जलदिन असतो. रिओच्या 1992 च्या परिषदेत त्याची कल्पना निघाली आणि 1993 पासून तो पाळला जाऊ लागला. पहिला दिवस लोकांनी ठरवला, दुसरा सरकारांनी. आपल्याकडे दुसरा तेवढा साजरा होतो. शाळेत प्रतिज्ञा होते, पंचायतीत फलक लागतो, एक छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी हातपंपावर तीच रांग लागते.

यंदा जलदिन भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्यासारख्या गावाच्या नजरेतून पाहावा, असे आम्हाला वाटते. तुमसर तालुक्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या डोंगराळ पट्ट्यातले हे गाव. चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी ही नावे महाराष्ट्राला माहीत आहेत ती मँगनीजमुळे. पोलादाला बळकटी देणारे हे खनिज इथून शंभराहून अधिक वर्षे निघते आहे. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने 1909 साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात या मुलखातल्या खडकांचा तपशील आहे. खनिजाची इतकी बारकाईने नोंद झाली. त्याच डोंगरांवरून उतरणाऱ्या नाल्यांची, गावच्या बोड्यांची म्हणजे लहान तळ्यांची आणि विहिरींची नोंद मात्र गावाच्या तोंडी राहिली. जे तोंडी राहते ते एका पिढीत पुसले जाऊ शकते. चिखल्याच्या पाण्यासमोरचा खरा प्रश्न हा आहे.

खाण आणि पाणी यांचे नाते समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. जमिनीखाली खोल उतरलेली खाण आजूबाजूच्या विहिरींच्या तळापेक्षा खाली असते. भूजल उताराकडे जाते, खाणीत साठते आणि काम चालू ठेवायचे तर ते उपसावे लागते. खनिज काढल्यावर उरलेल्या पोकळ्या छत कोसळू नये म्हणून पाण्यासोबत वाळू सोडून भरण्याची पद्धत आहे. ही वाळू जिथून येते त्या नदीपात्राची पाणी धरून ठेवण्याची ताकद तितकी कमी होते. बाहेर टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांवरून पावसाळ्यात ओघळणारा गाळ अडवला नाही, तर तो नाल्यात आणि तिथून शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत जातो. चिखल्यात यातले काय किती घडले, हे मोजणीशिवाय सांगता येणार नाही. पुराव्याविना आरोप करणे जितके गैर, तितकेच पुरावा गोळा न करता पिढ्यान्‌पिढ्या कुजबुजत राहणेही गैर आहे.

पिण्याच्या पाण्याचे उदाहरण घ्या. भारतीय मानक 10500 नुसार लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंत मँगनीज स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 0.3 पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने अलीकडे 0.08 हे आणखी कडक मूल्य सुचवले आहे, कारण पाण्यातून सतत जास्त मँगनीज पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची भीती असते. खनिजाच्या पट्ट्यात खाण नसली तरी खडकातूनच ते पाण्यात उतरू शकते. पाणी उकळून ते जात नाही. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीची पेटी देऊन प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पण त्या पेटीत सहसा मँगनीजची चाचणी नसते. भांड्याला बसणारा काळपट थर, धुतल्यावर तपकिरी पडणारे पांढरे कापड या खुणा घरातली बाई रोज पाहते. अमुक विहिरीचे पाणी भात शिजवायला घ्यायचे नाही, हे सासू सुनेला सांगते. ही तिची गोष्ट म्हणजे पहिली तपासणी आहे. ती ऐकून त्या विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे हे पंचायतीचे काम.

लोकांच्या गोष्टी म्हणजे फावल्या वेळेचा विरंगुळा असा समज सुशिक्षितांमध्ये घट्ट आहे. भंडाऱ्याचा इतिहास नेमका उलट सांगतो. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले, पाळी उभारल्या, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या बोडीत उतरवले आणि धान पिकवले. आर. व्ही. रसेलने 1908 साली लिहिलेल्या जिल्हा गॅझेटियरमध्ये कोहळ्यांच्या या कसबाची वाखाणणी आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कुणाच्या बांधीला आधी पाणी, पाळीची डागडुजी कुणी करायची, मासेमारी केव्हा थांबवायची, हे सारे रूढीने ठरलेले होते. या रूढी इंग्रजी अमलातल्या बंदोबस्ताच्या वेळी गावकऱ्यांना विचारून ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तात उतरवल्या गेल्या. म्हणजे गावाने सांगितलेली पाण्याची गोष्ट महसूल दप्तरात हक्क म्हणून जाऊन बसली.

हे जुने कागद आजही निकामी झालेले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये विदर्भासाठी गावच्या सामाईक जमिनीच्या वापराचे निस्तार पत्रक (कलम 161) आणि वाजिब-उल-अर्ज (कलम 165) यांची तरतूद आहे. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमीन-पाण्यावरचे सिंचनाचे, वहिवाटीचे आणि मासेमारीचे रिवाज नोंदवायचे, असे दुसरे कलम सांगते. तरीही किती गावांनी आपला हा दस्त अलीकडे तलाठ्याकडून मागून पाहिला? 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ते योग्यच होते. पण मालगुजाराबरोबर गावाची जबाबदारीही गेली असे लोकांनी धरले आणि सरकारनेही तसेच वागवले. पाळी खचल्या, गाळ भरला, बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळला. तलाव कुणी चोरून नेले नाहीत. त्यांच्याविषयी बोलणारी माणसे कमी झाली.

ही घसरण थांबवता येते, याचा दाखला शेजारीच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजासोबत तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम केले. त्यांनी सुरुवात यंत्राने न करता विचारपूस करून केली. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणती पाणवनस्पती नाहीशी झाल्यावर कोणता मासा दिसेनासा झाला, हे म्हाताऱ्या ढिवरांना ठाऊक होते. मत्स्यबीज म्हणून रोहू आणि कतला सोडणाऱ्या मत्स्य खात्याकडे हे ज्ञान नव्हते. मग तलावाच्या पात्रातले बेशरम काढले गेले, स्थानिक वनस्पती लावल्या गेल्या, देशी मासे परत आणले गेले. तलावाचा आराखडा तिथे आठवणींतून तयार झाला.

जगातही असे घडले आहे. न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीकाठच्या माओरी जमातींनी शतकाहून जास्त काळ आपला दावा लावून धरला. 1990 च्या दशकात न्यायाधिकरणापुढे त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पूर्वजांच्या, नदीच्या वळणांच्या आणि मासे धरण्याच्या जागांच्या कथा साक्ष म्हणून सांगितल्या. मार्च 2017 मध्ये तिथल्या संसदेने त्या नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला आणि तिच्या वतीने बोलणारे पालक नेमले. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसाच दर्जा जाहीर केला. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दोन्हीकडे नदी पवित्रच मानली जात होती. फरक इतकाच की तिथे दर्जामागे लोकांची पिढ्यांची साक्ष आणि वाटाघाट उभी होती, इथे एका निकालपत्राने सगळे साधायचे होते.

आपल्या वैनगंगेचे नशीब तर आणखी वेगळे. तिची जगात सर्वांत गाजलेली गोष्ट लिहिली ती किपलिंगने, 1895 च्या ‘सेकंड जंगल बुक’मध्ये. दुष्काळात नदी इतकी आटते की पात्रातला खडक उघडा पडतो. तेव्हा हत्ती पाण्याचा तह पुकारतो आणि पाणवठ्यावर शिकार करायला बंदी होते. जगभरच्या मुलांना हा तह ठाऊक आहे. खऱ्या वैनगंगेसाठी मात्र असा तह कुणी पुकारला नाही. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात तुंबते. डिसेंबर 2022 मध्ये नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी 1,925 कोटींहून अधिक रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. वरच्या शहराची घाण खालच्या गावांनी किती वर्षे प्यायची, हा प्रश्न मात्र खालच्या गावांनी एकत्र, तारीखवार आणि लेखी मांडल्याशिवाय सुटणार नाही. चिखला ज्यात येते ते बावनथडी नदीचे खोरे वरच्या बाजूला असल्याने चिखल्याकडे नागपूरचे पाणी येत नाही. पण चिखल्याच्या नाल्यांतून जे वाहील ते शेवटी वैनगंगेतच जाणार, म्हणून जबाबदारी खालच्यांसारखी वरच्यांचीही आहे.

महाराष्ट्र शासनाने 2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्राम येथून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले. 75 नद्यांच्या काठाने संवाद यात्रा काढायची, लोकांकडून नदीचे दुखणे ऐकायचे, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगली होती. अशा अभियानांची मर्यादा ही की यात्रा पुढे जाते आणि गाव मागे राहते. नदीचे दुखणे ऐकणारा बाहेरून येणार असेल, तर तो परत गेल्यावर ऐकणारा कुणी उरत नाही. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीला तरी बाहेरच्या व्यासपीठाची गरज नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार हे लोकनाट्य रंगते, वडशाची नाटके रात्रभर चालतात. झाडीबोलीला साहित्यात मान मिळवून देण्यासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचले. तुमसर तालुक्यातल्या गायमुखला महाशिवरात्रीला हजारो लोक झऱ्याच्या पाण्यासाठी जातात. तो झरा ज्या डोंगरातून येतो त्या डोंगराचे काय, हा प्रश्न एखाद्या दंडारीत विचारला गेला तर तो दहा शासकीय फलकांपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोहोचेल.

एक धोका इथेच सांगायला हवा. नदीला माता म्हणून आरती करायची आणि त्याच घाटावर निर्माल्य व प्लॅस्टिक सोडून यायचे, ही आपली जुनी सवय. गोष्टीने नुसते डोळे भरून येणार असतील आणि हात हलणार नसतील, तर ती गोष्ट नदीच्या काही उपयोगाची नाही. चांगल्या गोष्टीत जागा, वर्ष, माणूस आणि बदल असतो. अमुक नाला कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा, आता केव्हा आटतो. अमुक बोडीत मरळ शेवटची कधी सापडली. रोवणीच्या वेळी कोणत्या विहिरीला पाणी नसते. असे सांगितले की ती आठवण राहतेच, शिवाय अर्जाला जोडता येते.

अर्ज करायला जागाही आहेत. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिने लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार केली पाहिजे. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या खाणीला 2006 च्या अधिसूचनेनुसार अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो अहवाल सार्वजनिक दस्त आहे. 2015 च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम भरावी लागते. त्यातला किमान 60 टक्के निधी पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर, खाणीने बाधित भागात खर्च व्हावा, असे केंद्राने त्याच वर्षी ठरवून दिले होते. चिखल्याच्या भूमीतून निघालेल्या खनिजाचा हा पैसा आहे. त्यावर चिखल्याच्या पाण्याचा पहिला हक्क सांगणे म्हणजे कुणाकडे भीक मागणे नव्हे.

पुढची ग्रामसभा 1 मे, महाराष्ट्र दिनी आहे. जलदिनापासून तोवर हातात सव्वा महिना आहे. चिखल्याने आणि खाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावाने या काळात तीन कामे करावीत. शाळेतल्या मुलांनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक नाल्याची, बोडीची आणि विहिरीची हकीकत लिहून घ्यावी व ती नोंदवहीत उतरवावी. तलाठ्याकडून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जच्या नकला मागवाव्यात. आणि बायका ज्या विहिरींवर बोट ठेवतील त्यांचे पाणी मँगनीजसाठी तपासून घ्यावे. 1 मेला हे तिन्ही कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत आणि खनिज निधीतून पाण्यासाठी काय हवे, त्याचा ठराव तिथेच मंजूर करावा. सरपंचांनी तो ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी, आणि ती पोच पंचायतीच्या फलकावर लावावी.