पान चौतीस काढा!

दोस्तांनो, आज आधी एक गंमत करून पाहा. शाळेचं कुठलंही पुस्तक हातात घ्या, डोळे घट्ट मिटा आणि पान ३४ काढा. जमतंय का? चाचपडा, अंदाज करा, काय वाटेल ते करा. फक्त एक डोळा हळूच किलकिला करायचा नाही! (तुमच्यातल्या निम्म्यांनी तो केलाच असणार. मी शिक्षिका आहे, मला फसवू नका.)

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला दिसत नाही. ती ब्रेल वाचते, म्हणजे कागदावरच्या उठावदार ठिपक्यांवरून बोटं फिरवून वाचते. पण ब्रेलचा कागद जाड आणि अक्षरं ऐसपैस. तुमच्या दप्तरात सहज मावणाऱ्या एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये चांगले जाडजूड भाग होतात. ते रोज शाळेत कोण उचलून आणणार? म्हणून एका रविवारी मी मोबाइल समोर ठेवला, आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि घाम पुसत पुसत आठ धडे सलग वाचून रेकॉर्ड केले. मध्ये शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या, त्याही त्यात आल्या.

सोमवारी वर्गात मी ऐटीत म्हटलं, "चला, पान ३४ काढा." सगळ्यांनी काढलं. तिची रेकॉर्डिंग सुरू झाली ती मात्र पहिल्या धड्यापासून! थोडं पुढे ढकल, जास्त झालं, मागे आण, पुन्हा कुकर... तिला जागा सापडली तेव्हा आमचा तास संपत आला होता. ती काही रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुमचा आवाज छान आहे. पण यात पानंच नाहीत हो."

खरंच की! मी पानं घालायलाच विसरले होते.

हा घोटाळा करणारी मी पहिली नाही, बरं का. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं निघाली, ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. सुरुवातीच्या पुस्तकांमध्ये अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. एका कादंबरीला तबकड्यांची चळतच लागायची. शेवटची तबकडी फुटली तर खुनी कोण हे कसं कळणार, सांगा! पुढे कॅसेट आल्या. (आई-बाबांना विचारा, पेन्सिलीने कॅसेट गुंडाळण्याची गोष्ट ते नक्की सांगतील.) त्यात नवा धडा शोधायला एक नामी युक्ती होती. धड्याच्या आधी अगदी खालच्या पट्टीतला आवाज भरून ठेवायचा. टेप जोरात पळवली की तोच आवाज 'बीप' असा ऐकू यायचा. बीप आला की थांबा! पण पान ३४ तरीही सापडत नव्हतंच.

ते जमवलं 'डेझी'ने. ही पद्धत स्वीडनमध्ये सुरू झाली आणि १९९६ साली वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांनी मिळून तिची संघटना काढली. डेझी म्हणजे काय, हे कळायला स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. हळद, मोहरी, जिरं, प्रत्येकाची वाटी वेगळी. आई न बघताही अचूक मोहरीच उचलते. आणि माझी रेकॉर्डिंग? सगळं एकाच बरणीत ओतलेलं! डेझीच्या पुस्तकात आवाज असतोच, पण सोबत एक यादीही असते: हा धडा इथे, हे पान इथे, कुठलं वाक्य किती सेकंदांपासून किती सेकंदांपर्यंत. बटण दाबलं की थेट पान ३४.

आता खरी गोष्ट सुरू होते. माझा एक जुना विद्यार्थी सध्या इंजिनिअरिंगला आहे. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून बोलकी पुस्तकं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर करताहेत. पुस्तक संगणकात ज्या पद्धतीने भरून ठेवलेलं असतं तिला 'फॉरमॅट' म्हणतात, आणि असे फॉरमॅट ढीगभर. तो म्हणाला, "बाई, आम्ही तिघंच. वर्षभरात चार फॉरमॅट नीट जमतील. कुठले घेऊ?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस? जिला वाचायचं आहे तिला विचार."

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर आमची बैठक बसली. तो, मी, ती, आणि तिच्या आजीने दिलेले चिवड्याचे दोन डबे.

एमपी३ ला कोणीच हरकत घेतली नाही. पानं नसतात, पण सगळ्यांकडे तेच असतं, आणि आकारही लहान. साध्या बोलण्याचा तासभर आवाज चौदा-पंधरा एमबीत बसतो. दुसरा आला ईपब ३. हा २०११ साली आला. यात मजकूर आणि आवाज हातात हात घालून चालू शकतात. ऐकू येणारं वाक्य पडद्यावर रंगीत होतं. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला दिसतं सगळं, पण अक्षरं त्याच्यासमोर जागा बदलतात. त्यालाही याचा उपयोग होईल. तिसरा साधा मजकूर. तो संगणकाचा आवाज वाचून दाखवतो.

चौथ्यावर गाडी अडली. इंजिनिअर महाशयांना पीडीएफ हवं होतं आणि डेझी नको होतं. "बाई, डेझी २.०२ हे २००१ सालचं आहे. जुनं झालं. आता सगळे ईपबकडे चाललेत." बोलणं खोटं नव्हतं. पण तिने विचारलं, "मग माझी बावीस पुस्तकं?" तिच्याकडे ग्रंथालयातून मिळालेल्या सीडी आहेत, सगळ्या याच जुन्या डेझीत. दादा गप्प! त्याने चिवड्याचा मोठा घास घेतला आणि वहीत 'डेझी २.०२' लिहिलं.

पीडीएफचा हट्ट मात्र त्याने सोडला नाही. मलाही ते पटत होतं, कारण आपली पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये सहज मिळतात. म्हणून आम्ही एक उघडून पाहिलं. स्कॅन केलेलं पुस्तक निघालं. आपल्याला अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी तो नुसता फोटो. तो चिडीचूप! दुसऱ्याची तऱ्हा निराळी. युनिकोड रुळण्याआधी बरीच मराठी पुस्तकं अशा फॉन्टमध्ये टाइप झाली, की वरून दिसतो 'क' आणि आत असतं भलतंच इंग्रजी अक्षर. संगणक धीरगंभीर आवाजात वाचू लागला, "डी, एस, कंस, स्लॅश..." आम्ही तिघंही हसून हसून लोळलो.

हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "दादा, वाचता येत नसेल तर तसं सांगायला लाव ना. ते गप्प बसलं की मला वाटतं, माझंच काही चुकलं." हे त्याने लगेच लिहून घेतलं. आता पीडीएफ उघडलं आणि आत फक्त चित्र असलं, तर सॉफ्टवेअर बोलून दाखवणार: 'या पानावर वाचता येईल असा मजकूर नाही.' एवढं पाचवं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. डेझी ३ मात्र यंदा राहिलं. मला ते मनापासून पटलेलं नाही, पण तिघांना आणखी किती राबवणार?

आणि माझे आठ धडे? ते पुसून टाकले. डेझी संघटनेचं 'ओबी' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात वाचता वाचता धड्यांच्या आणि पानांच्या खुणा घालता येतात. या वेळी वाचन माझं, पण पानांचे आकडे बोलायला अख्खा वर्ग. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन पानं. पान ३४ ज्याच्याकडे होतं तो आकडा म्हणता म्हणताच शिंकला. "पान चौ... आक्छी... तीस!" पुन्हा घेऊ म्हटलं तर तिने हट्टच धरला, "नको बाई, राहू दे."

परवा मी वर्गात म्हटलं, "पान ३४ काढा." अजून निम्मी मुलं पानं उलटत होती, तेवढ्यात मागच्या बाकावरून ती शिंक ऐकू आली.