दुकानदाराला लँग्वेजचं नाव नको, जुळणारा हिशोब पाहिजे



नांदेड-लातूरचे बरेच तरुण विचारतात, "सर, दुकानांसाठी बिलिंगचं ॲप बनवून विकायचंय, कोणती लँग्वेज शिकू?" माझं मत स्पष्ट आहे. मी स्वतः दुकानदार आहे. ॲप कोणत्या लँग्वेजमध्ये आहे याच्याशी गिऱ्हाईक म्हणून मला देणंघेणं नाही. संध्याकाळी गल्ला आणि हिशोब जुळतो का, एवढंच मी बघणार. म्हणून नव्या लँग्वेजमधल्या ज्या सोयी चूक आधीच पकडतात, त्या पहिल्यांदा शिका. तीन उदाहरणं बघा.

१. पैसे. जावास्क्रिप्टमध्ये किंवा पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ करून बघा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कारण कॉम्प्युटर असे आकडे बायनरीत साठवतो आणि त्यात ते तंतोतंत बसत नाहीत. सूट आणि जीएसटी लावून राउंड ऑफ करताना मग कुठेतरी एखादा पैसा इकडचा तिकडं होतो. उपाय सोपा आहे. पायथॉनमधलं डेसिमल वापरा, नाहीतर रक्कम पैशांत ठेवा. ४५ रुपये ५० पैसे म्हणजे सरळ ४५५०.

२. रिकामी जागा. वजिराबादच्या किंवा गंजगोलाईच्या दुकानात येणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाकडे जीएसटी नंबर कुठून असणार? ती जागा रिकामी राहिली आणि ॲप बंद पडलं, तर काउंटरवर रांग लागते. कोटलिनमध्ये 'ही माहिती रिकामी असू शकते' हे आधीच लिहावं लागतं. त्याची सोय न करता ती वापरली, तर कंपायलर तिथंच अडवतो. गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून तिला पहिली पसंती दिली. त्यामागं हेही एक कारण आहे.

३. उधारी. पैसे रोख येतात, यूपीआयने येतात, नाहीतर वहीत चढतात. कोटलिनमध्ये सील्ड क्लास करून 'व्हेन' वापरलं आणि उधारीचा प्रकार विसरला, तर प्रोग्राम तयारच होत नाही. चूक तुमच्या लॅपटॉपवर सापडते, माझ्या काउंटरवर नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोड तर एआय लिहून देतो. देऊ द्या की! पण बिल चुकलं तर दुकानदार फोन तुम्हालाच करणार. आणि एक लक्षात ठेवा, १८ टक्क्यांच्या मालाला ५ टक्के लावले, तर ते कुठलीच लँग्वेज आपोआप ओळखत नाही. त्यासाठी दुकानात दोन दिवस बसावं लागतं. माल परत आला तर काय करतात, अर्धी रक्कम रोख आणि अर्धी उधार असेल तर कसं लिहितात, हे तिथंच कळतं.

आपल्या भागात धंदा ओळखीवर चालतो. एका दुकानदाराचा हिशोब बिघडला, तर पूर्ण गल्लीत बातमी जाते. जुळला, तर तोच दहा जणांना तुमचा नंबर देतो.

तुमच्या ॲपमध्ये रक्कम कशी साठवता? आजच तपासा आणि कमेंटमध्ये लिहा.