अर्धी साक्ष चालणार नाही!

मार्च 2024 मध्ये ‘रझाकार’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ‘हैदराबादचा मूक नरसंहार’ हे त्याचे इंग्रजी उपशीर्षक. आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या ताब्यात आले. म्हणून या चित्रपटाची उलटतपासणी घेण्याचा हक्क आम्हाला आहे.

रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. हे पडद्यावर आलेच पाहिजे. पण 17 सप्टेंबरला निजामाने हार मानली म्हणून रक्तपात थांबला काय? नेहरू सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईत व त्यानंतर किमान 27 हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्येच निजामाची बाजू घेऊ नका, असे अस्पृश्य समाजाला बजावले होते. तेव्हा हे सत्य मांडणाऱ्यांना कुणी निजामाचे वकील ठरवू नये.

गणवेश आणि बंदुका हुबेहूब केल्या म्हणजे युद्धपट खरा ठरत नाही. त्याने कुणाची प्रेते मोजली आणि कुणाची वगळली, यावर त्याचा खरेपणा ठरतो. बांधवांनो, असे चित्रपट जरूर पाहा. पण ‘17 सप्टेंबरनंतर काय झाले?’ हे विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नका!