यंत्राचा झटका आणि मानेवरचा प्रकाश

केडगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. (दौंडजवळचे केडगाव नव्हे, अहिल्यानगरचे, पुणे रोडवरचे.) तिच्या अब्बांच्या छातीत आयसीडी यंत्र आहे. मध्यंतरी एकाच रात्री यंत्राने अनेक झटके दिले. दवाखान्यातून ते सुखरूप घरी आले, पण आता झोपायलाच घाबरतात. परदेशातल्या मामूंनी कळवले आहे की जपानात मानेवर प्रकाश टाकून हा आजार आटोक्यात आणतात. तसे यंत्र मागवून घरीच उपचार करावा का, असे ती विचारते.

घरी नको, हे आधी स्पष्ट सांगतो. पण मामूंची बातमी खोटी नाही.

हृदयविकारात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो. त्या व्रणाभोवती विजेचा प्रवाह गोल फिरू लागला की हृदयाचा खालचा कप्पा बेफाम धावतो. रक्त पुढे जात नाही, माणूस कोसळतो. आयसीडी हे ओळखून झटका देते आणि जीव वाचवते. मात्र 24 तासांत असे 3 किंवा अधिक वेगवेगळे प्रसंग आले, तर डॉक्टर त्याला विजेचे वादळ म्हणतात. झटक्याने वेदना आणि भीती, भीतीने अॅड्रेनलिन, अॅड्रेनलिनने पुन्हा ठोके बिघडतात. अब्बांची भीती मनाची कमजोरी नाही. ती आजाराचाच भाग आहे. घरच्यांनी त्यांना धीर द्यावा, रागावू नये.

ही भीती हृदयापर्यंत नेणाऱ्या नसांची एक गाठ मानेच्या बुडाशी असते. आकारावरून तिला ताराकृती गाठ म्हणतात. ती शांत केली तर हृदय शांत होते, ही कल्पना जुनी आहे. बुखारेस्टचे शल्यचिकित्सक थॉमस योनेस्कू यांनी 1916 मध्येच छातीच्या दुखण्यासाठी या नसांवर शस्त्रक्रिया केली होती. 2000 साली डॉ. नाडेमणी यांनी अशा वादळातल्या 49 रुग्णांचा अभ्यास छापला. नेहमीची औषधे दिलेल्या 22 पैकी 18 जण आठवड्यात दगावले. नसांचा जोर रोखणारे उपचार मिळालेल्या 27 पैकी 6. त्या उपचारांत गाठीजवळचे इंजेक्शन होते, तशीच प्रोप्रॅनोलॉलसारखी जुनी औषधेही होती.

सोनोग्राफीत पाहून गाठीजवळ बधिर करणारे औषध सोडतात. त्या बाजूची पापणी थोडा वेळ खाली येते. ते पाहून घरचे लकवा समजून घाबरतात, पण औषध योग्य जागी पोहोचल्याची ती खूण असते. अडचण एकच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मानेत सुई घालणे जोखमीचे ठरते.

जपानी डॉक्टरांचा प्रकाश इथेच कामी येतो. दुखण्यावर वापरला जाणारा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ते गाठीच्या जागी त्वचेवरून काही मिनिटे देतात. सुई नाही, रक्तस्राव नाही. काही हट्टी रुग्णांत वादळ शमल्याचे त्यांनी नोंदवले आहे. पण रुग्ण मोजके होते, ते दवाखान्यात देखरेखीखाली होते आणि औषधेही चालूच होती. प्रकाशाने व्रण जात नाही. पुढच्या उपचारापर्यंत वेळ मिळतो, एवढेच. आपल्याकडे तो नेहमीच्या उपचारांत नाही. गुडघेदुखीसाठी विकले जाणारे लाल दिवे तर या कामाचे नाहीतच, त्यावर पैसे घालू नका.

आमच्या मते या भगिनीने प्रकाशापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. वादळ उठलेच कशाने? पोटॅशियम कमी झाले, जुलाब झाले, गोळ्या चुकल्या? रमजानमध्ये अनेक घरांत गोळ्यांच्या वेळा परस्पर बदलतात. आजाऱ्याला रोज्यात सवलत आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. दुसरे, व्रणावर नळीने उपचार, म्हणजे अॅब्लेशन, होईल का? तिसरे, हृदयविकार झालेला नसताना हा त्रास असेल, तर क्षयाची तपासणी झाली का? हैदराबादचे डॉ. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या ठोक्यांच्या मुळाशी क्षय किंवा सार्कॉइड हा आजार होता. तिथे औषध वेगळेच लागते.

हे प्रश्न हृदयाच्या विजेचे काम पाहणाऱ्या तज्ज्ञाला विचारायचे. त्यासाठी पुण्याला जावे लागले तर जावे. यंत्राचे कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि जुने ईसीजी सोबत ठेवा.

एक भाषेची गंमत, पण गंमत नव्हे. आपण हृदयविकारालाही झटका म्हणतो आणि यंत्राच्या धक्क्यालाही. 108 ला फोन करताना यंत्राने किती वेळा धक्का दिला, हे नीट सांगा. एक धक्का बसून माणूस ठणठणीत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ दोन बसले, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागले, तर थांबू नये. धक्का बसताना अब्बांचा हात धरलेला असला तर अम्मींना फार तर मुंग्या येतील, इजा होत नाही. त्या रात्री त्या लांब उभ्या राहिल्या म्हणून अजून रडतात, असे पत्रात आहे. त्यांना हे जरूर सांगा.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावे.