हिशेब प्रभागात वाचा

घरपट्टीचं बिल आलं की आपण शेवटचा आकडा पाहतो आणि कपाळाला आठ्या घालतो. या आठवड्यात मी मात्र ते ओळीनं वाचलं. सामान्य कर, वृक्ष कर आणि खाली शिक्षण कर! हा शेवटचा महापालिका गोळा करते, पण तो जातो राज्याच्या तिजोरीत. आमच्या चंद्रपूरची २०११ साली महापालिका झाली. २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला, २०१७ साली जीएसटी आला, आणि भरपाईसाठी डोळे मुंबईकडे लागले. हक्काची मोठी कमाई उरली ती घरपट्टीच. म्हणून निवडणूक जवळ आली की ‘थकबाकीवरची शास्ती माफ करा’ म्हणणारा नगरसेवक मला मुळीच आवडत नाही. मुदतीत पैसे भरणाऱ्या भाजीवाल्या मावशींवर तो सरळ अन्याय आहे. एप्रिल २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकाच्या हाती होतं. नाली तुंबली तर कोणा भाऊंचं दार ठोठावावं, हाच प्रश्न. आता नगरसेवक भाऊ आहेत, ताई आहेत. त्यांनी शेजारच्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघून यावं. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकते आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घेते. एका गोंड गावाला जे जमतं ते महापालिकेला जमायलाच हवं. नगरसेवकांनो, दर तीन महिन्यांनी प्रभागात जमा-खर्च मोठ्यानं वाचा. मग थकबाकी मागायला तुम्हीच ताठ मानेनं दारी या, लोक पैसे देतील.