आधी नकाशा, मग भूखंड

पौड रस्त्याने पश्चिमेकडे सरकणारे पुणे शहर भूगाव ओलांडून भुकूमच्या शिवारात शिरले, यास आता बराच काळ लोटला. शहरात घर परवडत नाही म्हणून आयुष्यभराची पुंजी एकदोन गुंठ्यांत घालणारा नोकरदार आणि शेतीवर भागत नाही म्हणून जमीन विकणारा शेतकरी, हे दोघेही या परिवर्तनातले गरजू पक्ष होत. परंतु जमिनीची विभागणी करताना मंजूर नकाशा हवा, ही अट दोघांनाही सरकारी जाच वाटते. हा समज दूर होणे अगत्याचे आहे.

गटाचा नकाशा शेताची हद्द सांगतो. घराची वाट तो सांगत नाही. ती सांगण्याचे काम रेखांकनाचे. २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीनुसार रेखांकन सामान्यतः १:५०० या प्रमाणात काढावे लागते. त्यावर उत्तर दिशा, अस्तित्वातील व नियोजित रस्ते, प्रत्येक भूखंडाची मापे आणि क्षेत्रफळांचा तक्ता दाखवावा लागतो. जमीन ४,००० चौरस मीटर वा अधिक असल्यास दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. सोबत मालकीचे उतारे व मोजणीचा नकाशा हवाच. यांतील कोणती बाब अनावश्यक आहे? रस्ता नऊ मीटरांचा की बैलगाडीपुरता, हे आज कागदावर ठरले नाही, तर उद्या अग्निशामक गाडी दाराशी येणार कशी?

भुकूमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. रामनदीचा उगम याच परिसरातला. येथून ती भूगाव, बावधन, पाषाण अशी वाहत जाते. २०१० साली तिला आलेल्या पुराने खालच्या वस्तीची काय दैना केली, ते पुणेकरांस ज्ञात आहे. वरच्या शिवारातला ओढा रेखांकनात उमटला नाही, तर तो बुजवण्यास कोणाचा हात अडणार? चुकीच्या नकाशाचा दंड पुष्कळदा नकाशा काढणारा भरत नाही. तो प्रवाहाच्या खाली राहणारा भरतो.

तथापि सर्व दोष जनतेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांची विक्री रोखली, पण लहान भूखंडांची गरज काही रोखली नाही. परिणामी सामाईक हिश्शांचे व्यवहार वाढले आणि एकाच सातबाऱ्यावर अनेक अनोळखी नावे एकत्र नांदू लागली. मग २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ साली त्याची मुदत पुढे ओढली गेली आणि २०२५ साली तुकडेबंदीचेही बंधन निवासी क्षेत्रांपुरते सैल झाले. यातून अडकलेल्यांस दिलासा मिळाला, हे खरे. परंतु नियमित होतो तो कागद. अरुंद रस्ता त्यायोगे रुंद होत नाही, की बुजलेला ओढा मोकळा होत नाही.

म्हणून प्रशासनानेही आपली बाजू सावरली पाहिजे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात परवानगीच्या अर्जावर निर्णयासाठी साठ दिवसांची मर्यादा आहे. पण त्रुटी कळविल्यास ती अर्जदाराच्या उत्तरापासून मोजली जाते. साहजिकच एकेक त्रुटी सवडीने काढली की मुदत कधी संपतच नाही! मुळशीतील गावे ज्याच्या कक्षेत येतात, त्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सर्व त्रुटी एकदाच व लेखी कळवाव्यात, मोजणीस विलंब होऊ नये यासाठी भूमी अभिलेख विभागाशी मेळ घालावा, आणि मंजूर रेखांकनाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, अशी आमची सूचना आहे. सरळ मार्ग सुलभ केल्यावाचून आडमार्ग बंद होत नाहीत.

ग्राहकानेही जाहिरातीतील रंगीत चित्रावर न भुलता मंजूर रेखांकन, त्यावरील मंजुरीचा क्रमांक व दिनांक आणि आपल्या भूखंडाच्या प्रत्यक्ष हद्दखुणा पडताळूनच विसार द्यावा. भुकूमचा निर्णय आज कागदावर घडतो आहे. तेथे उद्या नगर वसेल की केवळ गर्दी, हे त्या कागदाच्या खरेपणावर अवलंबून राहील.